तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट: लकव्याच्या पेशंटच्या रक्तातून पुढचं किती कळतं?

अंगावरून वारं गेलेला माणूस आयसीयूत दाखल झाला की पहिल्या दिवशी सगळं बोलणं मेंदूभोवती फिरतं. सीटी स्कॅनमध्ये काय आलं, गुठळी आहे की रक्तस्राव, कुठली बाजू गेली, डोळे उघडले का, ओळखतात का. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टर बाहेर येतात आणि भलतंच सांगायला लागतात. छातीत कफ भरलाय, किडनीवर ताण दिसतोय, इन्फेक्शनची शंका आहे. खानापूर, चंदगड, हुक्केरीकडून आलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. 'डोक्याचं दुखणं होतं की ओ, किडनी कुठनं आली मधेच?'

प्रश्न रास्त आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. स्वतःचा साठा जवळजवळ नाहीच. रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात आणि अख्खं शरीर आणीबाणीच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन यांसारखी संप्रेरकं उसळतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा होतात, स्नायूंमधलं प्रथिन मोडलं जातं, चरबी सुटी होऊन रक्तात येते. त्याच वेळी प्रतिकारशक्ती दबते. भरीला गिळण्यावरचा ताबा गेलेला असतो, त्यामुळे लाळ, पाणी, उलटी थेट फुफ्फुसात उतरू शकते. लकव्यानंतर पहिल्या आठवड्यात न्यूमोनिया इतका का होतो, याचं उत्तर या दोन गोष्टींच्या जोडीत आहे.

ही सगळी उलथापालथ रक्तात उमटते. साखर, क्रिएटिनिन आणि युरिया (किडनी बाहेर टाकते ते टाकाऊ पदार्थ), अल्ब्युमिन, लॅक्टेट, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) या रोजच्या तपासण्या आहेत, महागड्या नाहीत, आणि कुठल्याही बऱ्या आयसीयूत होतात. गेल्या काही वर्षांत जगभर संशोधक हेच आकडे घेऊन एक प्रश्न विचारत आहेत: यांवरून गंभीर पेशंटच्या पुढच्या काही दिवसांचा अंदाज बांधता येईल का? कोणाची किडनी बिघडेल, कोणाला जंतुसंसर्ग होईल, कोणाच्या मेंदूची सूज वाढेल?

काही प्रमाणात येतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टची पीडीएफ पुण्यातल्या भाच्याला धाडून, त्याने लाल अक्षरांतले आकडे गूगल करून जो अंदाज बांधला जातो, तो हा नव्हे.

शुगर नव्हतीच की ओ

साखरेपासून सुरू करू. लकव्याच्या पेशंटमध्ये सगळ्यात आधी बघायचा आकडा हाच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. ते देण्याआधी प्रत्येक पेशंटची रक्ताची एकच तपासणी हातात असायलाच हवी, असं अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि ती म्हणजे ग्लुकोज. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा रक्त गोठण्यात बिघाड असल्याची शंका असेल तर गोष्ट वेगळी. एरवी बाकीच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. कारण साधं आहे. साखर फार खाली गेली तरी माणूस हुबेहूब लकवा मारल्यासारखा दिसू शकतो: तोंड वाकडं, बोबडी वळलेली, एक हात लुळा. डायबेटिसची गोळी घेऊन जेवायचं राहिलं, असा पेशंट ग्लुकोज चढवताच उठून बसतो.

उलट बाजू जास्त वेळा दिसते. दाखल होताना साखर २२० आणि घरचे शपथेवर सांगतात, आमच्या आप्पांना शुगर नव्हतीच. दोन्ही खरं असू शकतं. आणीबाणीत यकृताने सोडलेल्या साखरेमुळे, कधीही डायबेटिस नसलेल्या माणसाची साखरही चढते. तिला तणावजन्य साखर म्हणू. उसाच्या पट्ट्यात गुळाचा चहा दिवसातून चारदा पिणारा माणूस असला की घरचे लगेच चहाला दोष देतात. ही साखर मात्र चहातून आलेली नसते.

आता दोन पेशंट शेजारशेजारच्या खाटांवर आहेत असं समजा. दोघांची दाखल होतानाची साखर २२०. पहिल्याचं एचबीए१सी ६, दुसऱ्याचं १०. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळवणारी तपासणी. तिच्यावरून सरासरी साखर काढायचं एक सूत्र २००८ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आलं: एचबीए१सीला २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा. पहिल्याची नेहमीची सरासरी येते साधारण १२६, दुसऱ्याची २४०. पहिल्याची साखर त्याच्या नेहमीच्या पावणेदोन पट चढली आहे. दुसऱ्याची नेहमीपेक्षा किंचित खालीच आहे, गुणोत्तर ०.९२.

कागदावर दोघांचा आकडा एक, पण शरीराला बसलेला धक्का पहिल्याला जास्त जोराचा. आजची साखर भागिले नेहमीची सरासरी, या गुणोत्तराला तणाव-साखर गुणोत्तर म्हणता येईल. आयसीयूतले मृत्यू, जंतुसंसर्ग, गुठळीच्या जागी नंतर होणारा रक्तस्राव यांच्याशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि बऱ्याच ठिकाणी नुसत्या साखरेपेक्षा ते जास्त बोलकं ठरलं आहे. रक्तातल्या आकड्यांवरून धोका सुचवणाऱ्या अशा हिशोबांना निर्देशांक म्हणतात. मला त्या सगळ्यांत हा सगळ्यात आवडतो, कारण तो पेशंटची तुलना पुस्तकातल्या नॉर्मलशी करण्याऐवजी त्याच पेशंटच्या कालपर्यंतच्या शरीराशी करतो.

यात एक मेख आहे. पेशंटला रक्त चढवलं असेल, पंडुरोग असेल किंवा किडनीचा जुना आजार असेल तर एचबीए१सीवर विसंबता येत नाही. म्हणून दाखल होतानाच्या पहिल्या नमुन्यात ते करून ठेवलेलं बरं. दुसऱ्या आठवड्यात, दोन बाटल्या रक्त गेल्यावर केलं तर त्याचा अर्थ लावणं कठीण.

साखर चढलेल्यांचं वाईट होतं, मग ती दाबून नॉर्मलला आणली की भलं होईल? वाटतं तर असंच. अमेरिकेत ११५१ पेशंटवर नेमकं हेच तपासलं गेलं आणि २०१९ साली निकाल आला. शाइन या नावाने हा अभ्यास ओळखला जातो. अर्ध्या पेशंटची साखर सलाईनमधून इन्सुलिन सोडून ८० ते १३० मध्ये घट्ट धरली, उरलेल्यांची ८० ते १७९ मध्ये सैलसर ठेवली. तीन महिन्यांनी बरं होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही: एका गटात २०.५ टक्के, दुसऱ्यात २१.६. वर घट्ट धरलेल्या गटातल्या २.६ टक्के लोकांची साखर धोकादायक खाली गेली, सैल गटात एकाचीही नाही. त्याच्या दहा वर्षं आधी, २००९ मध्ये, सर्व प्रकारच्या आयसीयू पेशंटवर झालेल्या ६१०४ जणांच्या नाइस-शुगर अभ्यासात तर घट्ट नियंत्रणाच्या गटात मृत्यू जास्त निघाले होते, २७.५ टक्के विरुद्ध २४.९.

राजापूर बंधाऱ्यातून विसर्ग वाढला की चिकोडी तालुक्यातली नदीकाठची माणसं कल्लोळ बंधाऱ्यावर डोळा ठेवून बसतात. पातळीच्या पट्टीवरचा आकडा पूर येतोय हे सांगतो. पण आकडा खोडून कमी लिहिला म्हणून कृष्णा ओसरत नाही. रक्तातला निर्देशक, म्हणजे धोका सुचवणारा आकडा, पुष्कळदा ही पट्टी असतो. कधी तो स्वतःही थोडं नुकसान करतो. साखर त्यातलीच: उपाशी पडलेल्या मेंदूत जादा साखर आली की प्राणवायूविना तिचं लॅक्टिक आम्ल होतं आणि काठावरच्या पेशी मरतात. म्हणून ती मोकाट सोडत नाहीत, १८० च्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात. पण पुढच्या खाटेवरच्या पेशंटची ११० असताना आपल्याची १६५ का, यावरून सिस्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही.

जिथे तारा छापलेला नसतो

लॅबच्या कागदावर नॉर्मलच्या बाहेरच्या आकड्यापुढे तारा किंवा ठळक अक्षर असतं. नातेवाईक तेवढेच आकडे वाचतात. किडनीच्या बाबतीत ही सवय चांगलीच फसवते.

हे तीन आकडे बघा. पुरुष पेशंट, वय पासष्ट. सोमवारी सकाळी क्रिएटिनिन ०.९, मंगळवारी १.१, बुधवारी सकाळी १.३. पुरुषांसाठी बऱ्याच लॅब ०.७ ते १.३ ही मर्यादा छापतात. तिन्ही दिवशी तारा नाही. घरचे म्हणणार किडनी ठीक आहे. पण ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ किंवा त्याहून जास्त वाढलं, तर जगभर वापरल्या जाणाऱ्या व्याख्येनुसार ती किडनीची तीव्र इजा धरतात. इथे ०.४ वाढलं आहे. म्हणजे तिन्ही रिपोर्ट नॉर्मल आणि तरीही किडनी दुखावलेली. दुसरी खूण लघवीची: दर तासाला, दर किलो वजनामागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी, असं सलग सहा तास. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर तरी यायला हवी. सिस्टर दर तासाला पिशवीकडे वाकून का बघते आणि वहीत काय लिहिते, ते हेच. पुष्कळदा पिशवी रक्ताच्या आधी सांगते.

किडनी बिघडायला लकव्याच्या पेशंटकडे कारणं भरपूर असतात. मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल द्यावं लागतं. ते शरीरातलं पाणी ओढून काढतं आणि जास्त झालं तर किडनीला बाधतं. नसांचा स्कॅन करताना डाय, म्हणजे नसा दिसाव्यात म्हणून टोचायचं द्रव्य, घातलेला असतो. बीपी वरखाली होत असतं, काही अँटिबायोटिक किडनीला जड जातात. त्यात बरेच जण जुने बीपीचे पेशंट, गोळी अधूनमधून बंद केलेली, म्हणजे किडनी आधीच थोडी झिजलेली.

युरिया वाढणं हीही खूण आहे, पण ती एकाच गोष्टीची नाही. शरीरात पाणी कमी पडलं, पोटात रक्तस्राव झाला, स्नायू मोडले, स्टेरॉइड दिलं, कशानेही युरिया चढतो. इथे एक व्यवहारातला घोळ सांगायला हवा. आपल्याकडच्या लॅब बहुधा 'ब्लड युरिया' छापतात आणि परदेशातले अभ्यास 'बीयूएन' वापरतात. बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन, त्याला २.१४ ने गुणलं की आपला युरिया येतो. परदेशी लेखात 'बीयूएन २० च्या वर गेलं तर' असं वाचून आपल्या रिपोर्टमधल्या ३८ ला घाबरणारे लोक आहेत. ३८ युरिया म्हणजे १८ बीयूएन, घाबरण्यासारखं काही नाही. साखरेचंही तसंच: रक्तातले वायू तपासायच्या काही मशीन वेगळ्या एककात साखर छापतात, तिथे १२.२ दिसली तर १८ ने गुणा, २२० होतात.

अंडी द्यायची काय?

अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारं प्रथिन. नॉर्मल साधारण ३.५ ते ५ ग्रॅम. लकव्याच्या गंभीर पेशंटचं दोन-तीन दिवसांत २.८ वर आलं की घरचे विचारतात, नळीतून अंड्याचं पांढरं द्यायचं काय? कळकळ समजते, पण अल्ब्युमिनचं रक्तातलं अर्धं आयुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, जवळपास २० दिवस असतं. दोन दिवस न जेवल्याने ते एवढं पडत नाही. पडतं ते दाहामुळे, म्हणजे इजेला शरीर देत असलेल्या प्रतिक्रियेमुळे: रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन ते बाहेर झिरपतं, सलाईनने पातळ होतं, आणि यकृत ते बनवायचं सोडून दाहाशी लढणारी प्रथिनं बनवायला लागतं. त्यामुळे कमी अल्ब्युमिन पुढच्या जंतुसंसर्गाची आणि लांबणाऱ्या मुक्कामाची बऱ्यापैकी खात्रीची खूण ठरतं, आणि तरीही बाटलीतून अल्ब्युमिन दिल्याने प्रश्न सुटतोच असं नाही. गुठळीच्या लकव्यात मेंदू वाचवण्यासाठी अल्ब्युमिन चढवून बघण्याचा एक मोठा प्रयोग झाला होता, २०१३ साली त्याचा निकाल आला. फायदा दिसला नाही, उलट फुफ्फुसात पाणी होण्याचं प्रमाण वाढलं. त्या पेशंटचं अल्ब्युमिन कमी होतं म्हणून ते दिलेलं नव्हतं, हे खरं. पण 'महागडी बाटली आणू काय' असं विचारणाऱ्याला हे माहीत असलेलं चांगलं.

लॅक्टेट म्हणजे प्राणवायू कमी पडल्यावर साखरेपासून जास्त तयार होणारा पदार्थ. तो २ च्या वर गेला की पेशींना प्राणवायू पुरत नाही किंवा वापरता येत नाही, असा संशय घेतात. जंतुसंसर्गातून बीपी कोसळलेल्या पेशंटमध्ये तर या आकड्याला व्याख्येतच जागा आहे. पण झटका, म्हणजे फिट, येऊन गेल्यावरही लॅक्टेट काही वेळ चांगलंच चढतं आणि आपोआप उतरतं. डायबेटिसच्या मेटफॉर्मिन गोळ्या आणि बिघडलेली किडनी यांची गाठ पडली तरी चढतं. म्हणून एका लॅक्टेटपेक्षा काही तासांनी केलेलं दुसरं जास्त कामाचं. उतरत असेल तर श्वास सोडायला हरकत नाही.

लॅक्टेट वर आणि अल्ब्युमिन खाली, दोन्ही वाईट. मग एकाला दुसऱ्याने भागलं तर? ३ भागिले २.५, म्हणजे १.२. संशोधकांनी असे भागाकार भरपूर काढले आहेत: लॅक्टेट भागिले अल्ब्युमिन, बीयूएन भागिले अल्ब्युमिन, आणखीही. कल्पना वाईट नाही. पण भागाकार केला म्हणून नवी माहिती तयार होत नाही. दोन जुन्या आकड्यांची मोट बांधली जाते, इतकंच.

बोस्टनचे आकडे आणि आपली माणसं

या घराण्यातला सध्याचा लाडका निर्देशांक म्हणजे टीवायजी, ट्रायग्लिसराइड आणि ग्लुकोज यांचा. उपाशीपोटी दोन्ही मोजायचे, एकमेकांनी गुणायचे, २ ने भागायचं आणि नैसर्गिक लॉग काढायचा. ट्रायग्लिसराइड २००, साखर १८०: गुणाकार ३६,०००, निम्मे १८,०००, लॉग ९.८. शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाज इन्सुलिन न मोजताच यावा, म्हणून २००८ साली मेक्सिकोतल्या संशोधकांनी तो सुचवला. निरोगी दिसणाऱ्या माणसांत डायबेटिसचा धोका ओळखायला तो ठीक आहे. पुढे तो आयसीयूत शिरला, आणि लकव्याच्या गंभीर पेशंटमध्ये चढा टीवायजी आणि किडनीची इजा, मृत्यू यांचा संबंध दाखवणारे लेख एकामागून एक आले.

हे लेख वाचताना एक गोष्ट खटकते. त्यांतल्या मोठ्या भागाची माहिती एकाच ठिकाणची आहे. बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकोनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयातल्या आयसीयू पेशंटच्या नोंदी, नावं-पत्ते काढून, मिमिक नावाच्या संग्रहात संशोधकांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. फार मोलाचं काम आहे ते. पण त्यामुळे एकाच विहिरीवर शेकडो रहाट लागले आहेत. निर्देशांक बदलतो, गुंतागुंत बदलते, पेशंट तेच. शिवाय ते पेशंट बोस्टनचे. दक्षिण आशियातल्या माणसांत वजन बेताचं असतानाही पोटाभोवतीची चरबी, चढे ट्रायग्लिसराइड आणि इन्सुलिनला न जुमानणं जास्त दिसतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या किंवा अथणीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला तिथला धोक्याचा आकडा जशाचा तसा लागू पडेल, हे धरून चालता येणार नाही. आधी इथल्या पेशंटवर पडताळून बघायला हवं.

आणि 'उपाशीपोटी' हा शब्द आयसीयूत पाळायचा कसा? नळीतून दर दोन-तीन तासांनी फीड चालू, कधी ग्लुकोजचं सलाईन. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला झोपवण्यासाठी जे दुधासारखं पांढरं औषध देतात, प्रोपोफॉल, ते सोयाबीन तेलाच्या मिश्रणात बनवलेलं असतं. ते जास्त वेळ चाललं की ट्रायग्लिसराइड चढू शकतात. वरच्या उदाहरणात २०० चे ४०० झाले तर टीवायजी ९.८ चा साडेदहाच्या घरात जाईल. चयापचय बिघडलं म्हणून गेला की औषधामुळे, ते निर्देशांक सांगत नाही.

अंदाज किती पक्का

'अमुक निर्देशकाने धोका ओळखता येतो' असं वाक्य बातमीत आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता कळलंच. हिशोब करून बघू. आकडे केवळ उदाहरणाचे. १०० पेशंट, त्यांतल्या २० जणांना न्यूमोनिया होणार आहे. आपला निर्देशक असा की होणाऱ्यांपैकी चारांतले तीन पकडतो, आणि न होणाऱ्यांपैकीही चारांतल्या तिघांना बरोबर सोडतो. ऐकायला झकास. म्हणजे २० पैकी १५ पकडले. उरलेल्या ८० पैकी ६० सोडले, पण २० जणांवर विनाकारण शिक्का बसला. शिक्का बसलेले एकूण ३५, त्यांत खरे १५. निम्म्याहून जास्त लोकांना उगाच धास्ती. आणि 'धोका नाही' म्हटलेल्या ६५ जणांत ५ असे, ज्यांना न्यूमोनिया होणारच आहे.

एवढ्यावरून एका माणसाबद्दल घरच्यांना खात्रीने काही सांगता येत नाही. कोणावर जास्त लक्ष ठेवायचं, एवढं मात्र ठरवता येतं, आणि दहा खाटांमागे दोन सिस्टर असलेल्या ठिकाणी तेही थोडं नाही. वय, लकवा किती मोठा, गिळता येतं का, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, या खाटेपाशी उभं राहून कळणाऱ्या गोष्टी अजूनही बहुतेक रक्ताच्या निर्देशकांपेक्षा जास्त सांगतात. रक्त त्यांत थोडी भर घालतं. कोणताही नवा निर्देशक बघताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: वय आणि लकव्याची तीव्रता आधीच माहीत असताना, याने किती भर घातली?

धोका कळला की आधीच औषध सुरू करावं, हाही मोह होतो. नेदरलँड्समध्ये २५५० पेशंटवर हे करून पाहिलं. लकवा आल्याबरोबर काही जणांना चार दिवस अँटिबायोटिक, संसर्ग नसतानाच. २०१५ साली निकाल आला: संसर्ग कमी झाले, पण तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत फरक पडला नाही.

मग फरक कशाने पडतो? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स प्रांतात १९ स्ट्रोक युनिटमध्ये, म्हणजे लकव्याच्या पेशंटसाठीच्या खास विभागांत, झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथे नवं औषध नव्हतं. नर्सना तीन गोष्टी शिस्तीत करायला शिकवल्या: ताप तपासायचा आणि लगेच उतरवायचा, साखर ठरावीक वेळी बघून एका मर्यादेपलीकडे गेली की इन्सुलिन द्यायचं, आणि गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व ५८ टक्क्यांऐवजी ४२ टक्क्यांवर आलं. साखर तीच, जिच्यामागे घट्ट लागून शाइनमध्ये काही मिळालं नव्हतं. इथे ती तीन कामांतली एक होती, आणि मर्यादा सैल होती.

आयसीयूच्या बाहेर बसणाऱ्यांसाठी

आपल्या भागात पेशंटचा प्रवास सरळ नसतो. निपाणीचा माणूस कोल्हापूर गाठतो, कागवाड-अथणीचा मिरजेला जातो, खानापूरचा बेळगावला, आणि तिथून कधी हुबळीला. मधे गावच्या दवाखान्यात पहिलं सलाईन लागलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी नवी फाइल आणि नवा रक्ताचा नमुना. क्रिएटिनिन ०.९ वरून १.३ वर आलं हे कळायला ०.९ चा कागद हातात लागतो. तो जर गावातल्या लॅबच्या पाकिटात घरी राहिला, तर नव्या डॉक्टरला फक्त एक नॉर्मल दिसणारा आकडा मिळतो. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एकाच पिशवीत ठेवा. सहा महिन्यांपूर्वीच्या साध्या तपासणीचा कागदही त्यात असू द्या. कॅम्पमध्ये केलेलं एचबीए१सीसुद्धा चालेल.

रिपोर्ट इंग्रजीत, सिस्टर कन्नड बोलणारी, आपण मराठी, असा तिरपगडा असला तरी लाजू नका. कन्नड येणारा शेजारचा नातेवाईक बोलवा आणि नीट विचारा. विचारताना 'शुगर किती?' यापेक्षा 'कालच्यापेक्षा वाढतेय की कमी होतेय?' हे विचारा. लघवी किती झाली, गिळण्याची चाचणी झाली का, नळी किती दिवस राहील, डोक्याकडची बाजू उंच ठेवलीय का, हेही. यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सिस्टरजवळ असतं आणि त्यासाठी मोठ्या डॉक्टरांची वाट बघावी लागत नाही.

चाचणी होईपर्यंत तोंडात काहीही घालू नका. अंगारा पाण्यात कालवून नाही, झाडपाल्याचा रस नाही, 'दोन चमचे चहा, घसा कोरडा पडलाय' म्हणूनही नाही. ठसका लागला नाही म्हणजे नीट गिळलं असंही नसतं. लकव्याच्या पेशंटमध्ये पाणी फुफ्फुसात उतरलं तरी काही वेळा खोकलाच येत नाही.

आणि घरी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, सोबत आणा. बीपीची कुठली, शुगरची कुठली, रक्त पातळ करणारी होती का, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेली होती का. त्या शेवटच्या गोळ्यांबद्दल कोणी आपणहून सांगत नाही. त्यांतल्या बऱ्याच किडनीला बाधतात, आणि चढलेल्या क्रिएटिनिनचं कारण शोधणाऱ्या डॉक्टरला ते पाकीट पुढच्या दोन तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जातं.